पाकिटातले सात दाणे

भेटकार्ड ही साहेबाने आपल्याला दिलेली गोष्ट, असे मी एकेकाळी छातीठोकपणे लिहिले होते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या त्या लेखात मी म्हटले होते की नाताळच्या कार्डावरून दिवाळीचे कार्ड आले, दिवाळीच्या कार्डावरून संक्रांतीचे, आणि शहरातल्या छापील कार्डांची नक्कल म्हणून खेड्यात घरी केलेली कार्डे आली. मांडणी सरळ होती, तारखाही बरोबर होत्या. पुढे आण्णा, म्हणजे माझे वडील, गेले. त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली आणि त्या मांडणीचा निम्मा भाग मला मागे घ्यावा लागला. ते राहून गेलेले काम आज करतो आहे.

आधी जे बरोबर होते ते सांगतो. लंडनच्या हेन्री कोल याने 1843 साली जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे एक कार्ड काढून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरची. हा कोल 1840 मध्ये सुरू झालेल्या पेनी पोस्टाच्या खटपटीत होता. टपाल स्वस्त झाल्यावर सणासुदीला पत्रांचा ढीग येऊ लागला आणि प्रत्येकाला उत्तर लिहायला या कामसू माणसाला सवड मिळेना. मजकूर छापलेला असावा, आपण फक्त नाव घालावे, ही त्यावरची युक्ती. भेटकार्डाचा जन्म असा श्रम वाचवण्यासाठी झाला.

आपल्याकडे पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजी आले. किंमत पाव आणा, म्हणजे तेव्हाचा एक पैसा. त्याआधीच्याच वर्षी पुण्यात चित्रशाळा सुरू झाली होती आणि 1894 मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला. देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी गेली. 1909 मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तीही एका अर्थाने वाचकांना धाडलेली जाडजूड भेटच. मुंबई-पुण्याकडे छापील संक्रांतकार्डांची चाल पडली. कार्डावर सुगडे, तिळगूळ देणारी नऊवारीतली बाई आणि खाली गोड बोलण्याची विनंती. पाकिटात हलव्याचे चार दाणे टाकायचे, हा त्यातला खास मराठी भाग. नाताळच्या कार्डात कोणी केकचा तुकडा घालत नव्हते.

माझी चूक झाली ती या दाण्यांकडे दुर्लक्ष केल्यामुळे. मी चित्रामागे गेलो, दाणे मला किरकोळ वाटले.

आता कवठे महांकाळकडे येऊ. सांगली जिल्ह्याचा हा पूर्व भाग कोरडवाहू. म्हैसाळ योजनेचे पाणी आणि द्राक्षबागा अलीकडच्या. माझ्या लहानपणी ज्वारी, मेंढरे आणि आभाळ एवढेच भांडवल. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, जत या पट्ट्यातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे काम. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा धुऊन त्यातला कण काढायचा. तमिळनाडूत, केरळात, बंगालात, उत्तर प्रदेशात, जिथे सराफकट्टा तिथे आमच्याकडचा एखादा गलाईवाला सापडतोच. आण्णा सेलमला होते. मिरज-पंढरपूर ही बार्शी लाइटची छोटी गाडी 1927 पासून आमच्या भागातून जात असे. तिने मिरजेला जायचे आणि तिथून मोठी गाडी धरायची. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, ते घरी येत.

घरी राहिलेल्या बाईला त्यांच्याशी बोलायचे कसे? 1951 च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत अक्षरओळख असलेल्या नऊसुद्धा नव्हत्या. माझी आई उरलेल्या एक्क्याण्णवांतली. पत्र आले की वाचायला मास्तर, नाहीतर पोस्टमन. उत्तर लिहायलाही मास्तरच. त्यामुळे पत्रात काय असे? सर्व खुशाल आहे, म्हैस व्याली, पैसे पोचले, थोरल्यांना नमस्कार. एकदा मी तिला विचारले, पत्रात तू स्वतःचे असे काहीच का सांगत नव्हतीस? ती म्हणाली, “मास्तरम्होरं काय बोलायचं, लेका? त्यो लिवणार, तिकडं दुकानातली चार माणसं वाचणार.”

ट्रंकेत एकोणीस कार्डे निघाली. पहिले 1969 चे, शेवटचे 1987 चे. एकावरही अक्षर नाही. मागच्या बाजूला मात्र आण्णांच्या बारीक अक्षरात पोचल्याची तारीख आहे. हिशेबी माणूस, वजन आणि तारीख लिहिल्याशिवाय ते कोणतीही वस्तू ठेवून घेत नसत.

ही कार्डे कशाची केली आहेत ते जरा सविस्तर सांगतो, कारण इतिहास त्या मालातच आहे. पाठ लग्नपत्रिकेची. घरात जाड कागद येई तो लग्नपत्रिकेचाच, म्हणून कार्ड उजेडात धरले की कोणाच्या तरी मांडवाची तारीख पलीकडून दिसते. चकाकीला सिगारेटच्या पाकिटातली चांदी आणि बाशिंगावरून निघालेली बेगड. रंगाला पतंगी कागद, तोही दिवाळीचा आकाशकंदील करून उरलेला. बेंदराचा बैल घोंगडीच्या तुकड्याचा. शहरातल्या हस्तकलेच्या दुकानात आता फेल्टचे रंगीत ताव मिळतात आणि मुले त्यातून हत्ती-घोडे कापतात. फेल्ट म्हणजे न विणता, ओली करून दाबून-मळून घट्ट केलेली लोकर. आमच्याकडची घोंगडी विणलेली, पण वापरून, धुऊन, पावसात भिजून इतकी दाटते की कापली तरी तिची कड उसवत नाही. आईला हे कोणी शिकवले नव्हते. फाटकी घोंगडी हाताशी होती, एवढेच.

चिकटवायला चिंचोक्याची खळ. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सनगर लोक घोंगडीला चिंचोक्याचीच खळ देतात. तिने घोंगडी ताठ होते. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचे, भिजत घालून वाटायचे आणि ते वाटण पाण्यात शिजवायचे. कणकेची खळ सोपी, पण तिला कसर आणि झुरळे लागतात. आई खळीत चिमूटभर मोरचूद घालायची, जिल्दसाज घालतात तसे. काही कार्डांवर कडेला हिरवट-निळी झाक आहे ती त्याचीच. सेलमच्या दमट खोलीत इतकी वर्षे राहूनही कागद खाल्ला गेला नाही, त्याचे श्रेय या विषाला.

कागदाबद्दल एक आडवळण. महाराष्ट्रात हातकागदाची परंपरा जुनी आहे. दौलताबादजवळचा कागजीपुरा आणि जुन्नर ही त्यातली नावाजलेली ठिकाणे, पेशवाई दफ्तरे त्या कागदावर भरली. गिरणीच्या कागदापुढे तो धंदा बसला. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून 1940 मध्ये के. बी. जोशींनी पुण्यात हातकागद संस्था उभी केली. तिथल्या फुलापाकळ्यांच्या कागदाची भेटकार्डे आज हौसेने घेतली जातात, मीही घेतो. पण हौसेचा हातकागद वेगळा आणि गरजेचा वेगळा. 1949 मध्ये निघालेले युनिसेफचे पहिले कार्ड ज्या चित्रावरून केले, ते जित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या चेक मुलीने काचेवर रंगवले होते, कारण युद्धानंतर तिच्या गावात कागदच नव्हता. माझ्या आईची बिरादरी या मुलीशी, हेन्री कोलशी नव्हे.

मग कार्डाची कल्पना तिला कुठून आली? मी समजत होतो, शहरातले छापील कार्ड पाहून. तिने ते पाहिले असेलही. पण एकोणीसपैकी एकाही कार्डाला छापील कार्डासारखी घडी नाही की मध्ये चित्र, खाली ओळ अशी रचना नाही. ती सगळी पुड्यांसारखी आहेत. खालून एक घडी वर आलेली, तिचा खिसा झालेला. त्या खिशात हलव्याचे दाणे. वरची बेगड, बैल, सुगड हे सगळे त्या पुडीची सजावट. संक्रांतीला हातावर ठेवायचा तिळगूळ हात पोचत नाही तिथे कागदात गेला आणि कागद हळूहळू नटत गेला. माझ्या मते या भागातल्या कार्डाचा उगम हा आहे. चित्र मागाहून आले, दाणे आधी.

नंतर मी गलाईवाल्यांच्या घरी विचारत फिरलो. तीन घरांत अशाच पुड्या मिळाल्या. त्यातली एक तर पाकिटासकट होती. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जिल्हा लिहिला आहे ‘दक्षिण सातारा’. सांगली जिल्ह्याचे हे नाव 1949 ते 1960 एवढेच होते, म्हणजे पुडी त्या काळातली. तिला रंग नाही, बेगड नाही; वहीचा कागद, वर काळ्या लुगड्याच्या चिंधीचे एक फूल. संक्रांतीचा काळा रंग.

दाण्यांचे एक शास्त्र होते. हलवा करणे हे थंडीतले आणि धीराचे काम. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, त्यावर पाक थेंबाथेंबाने घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचे. बोटे पोळतात, काटा सावकाश येतो. असा काटेरी दाणा पोस्टात घालायचा म्हणजे शिक्क्याखाली त्याचा भुगा व्हायचा. म्हणून आई खिशाच्या दोन्ही बाजूंना ज्वारीच्या ताटातल्या गराच्या चकत्या लावायची. मुले ज्या चिपाडाच्या गाड्या करतात तोच गर. वजन नाही, आणि शिक्क्याचा मार तो सोसतो. दाणे सातच, कारण जास्त घातले की पाकीट जड होऊन बैरंग जाईल ही धास्ती. छापील कार्ड उघड्या पाकिटातून बुक पोस्टाने स्वस्तात जाई, पण उघड्या पाकिटात दाणे कसे राहणार? तिला बंद पाकिटाचे पुरे पैसे मोजावे लागत आणि ती मोजत असे. घरात चहाची पूड उधार यायची त्या दिवसांत.

आता 1973 च्या संक्रांतीचे कार्ड. बहात्तरच्या दुष्काळाचा तो कडाका. आमच्याकडे खडी फोडायची कामे निघाली होती, आई त्यावर होती. रेशनचा मिलो आणि कामावरची सुकडी यांवर घर चालले होते. साखर कुठली आणि हलवा कुठला. कार्ड मात्र गेले. त्याला खिसा आहे, चकत्या नाहीत. खिसा उघडला तर आत काळ्या चिंधीवर पांढऱ्या दोऱ्याच्या सात गाठी. प्रत्येक गाठीला दोऱ्याची बारीक टोके चहूबाजूंनी काढलेली, हलव्याला काटा येतो तशी. मागे आण्णांची तारीख, 17-1-73. त्याखाली, बाकी कोणत्याच कार्डावर नाही असा, एक आकडा: 40. आईला दाखवले तेव्हा तिने लगेच सांगितले. त्या महिन्यात नेहमीच्या मनिऑर्डरीशिवाय चाळीस रुपये जास्तीचे आले होते, आणि मास्तरने वाचलेल्या पत्रात त्याचे कारण काही नव्हते.

तिने मागितले नव्हते. मास्तरकडून लिहवून मागणे तिला जमलेच नसते. दिराच्या, सासऱ्याच्या कानावर ते गेले असते. कोलला वेळ नव्हता म्हणून त्याने शब्द छापून घेतले. आईजवळ शब्द होते, पण ते दुसऱ्याच्या हातून काढायचे नव्हते.

पुढचा भाग मी थोडक्यात आटोपतो, त्यात नवे फारसे नाही. कोठारी आयोगाच्या (1964–66) शिफारशीनंतर शाळांत कार्यानुभव आला, आणि मी पाचवी-सहावीत असताना भेटकार्ड हा त्या तासाचा ठरलेला पाठ होता. ड्रॉइंगचा कागद, मधोमध घडी, पुठ्ठ्याचा दिवा, ‘शुभेच्छा’ हा शब्द वळणदार अक्षरात. मी ते घरी आणून आईला शिकवू लागलो. पुडी कसली करतेस, हे बघ खरे कार्ड, असे म्हणालो. 1982 चे कार्ड त्यामुळे एकटेच वेगळे आहे: मधोमध घडी, खिसा नाही, माझ्या हातचा दिवा. आण्णांनी तारीख टाकली आहे. पुढच्या वर्षी आई पुन्हा पुडीवर आली आणि मी रागावलो, तेही आठवते. तोवर आर्चीजची कार्डे शहरांतून निमशहरांत उतरू लागली होती आणि मागोमाग एसटीडीचे बूथ आले. बूथमध्ये उभे राहून तीन मिनिटांत बोलायचे. तिथेही मागे रांग असायचीच.

1987 च्या कार्डामागे तारीख नाही. त्या डिसेंबरात आण्णा दुकान पुतण्याकडे सोपवून कायमचे गावी आले होते. आईने आधीच करून ठेवलेली ती पुडी संक्रांतीच्या सकाळी त्यांच्या हातात दिली आणि हलवा वाटीत वेगळा दिला. आण्णांनी पुडी उघडली, दाणे मोजले, सात भरले.