ट्यूनर मंडळींचं दप्तर : फोक्सवॅगनचा कोड वाचायला कागद कुठून आले?

विषय ठरला की मार्गदर्शक पहिला प्रश्न विचारतात, "साधनं कुठे आहेत?" पेशवाईवर काम असेल तर पुण्यात पेशवे दप्तर आहे, कंपनी सरकारवर असेल तर मुंबईचं पुराभिलेखागार आहे. पण तुम्हाला मागच्या चाळीस वर्षांतल्या यंत्रांचा इतिहास लिहायचा असेल तर? कागद यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडे, आणि कंपनी दार उघडत नाही. आज अशाच एका यंत्राबद्दल बोलू : मोटारीच्या इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू. त्याच्या पोटात काय आहे हे बाहेरच्या जगाला कळलं, त्यात मोठा वाटा अशा लोकांचा होता ज्यांना इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त गाडी जोरात पळवायची होती.

आधी यंत्र समजून घेऊ, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. १९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक ही प्रणाली बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत आली. इंधन किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे दोन्ही निर्णय तिथे एकाच डब्यातला संगणक घेऊ लागला. तो प्रत्येक वेळी नव्यानं गणित करत बसत नाही. त्याच्याकडे तयार तक्ते असतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत उत्तर. आपल्याकडे जमिनीचे दर बघायला रेडी रेकनर असतो ना, तसंच. या तक्त्यांना 'मॅप' म्हणतात.

हे आकडे भरताना कंपनी हात राखून ठेवते. कुठे इंधन वाईट मिळेल, कुठे उन्हाळा कडक असेल, कुणी मालक वर्षानुवर्षं सर्व्हिसिंग करणार नाही. इंजिन तरी टिकलं पाहिजे. शिवाय धुराचे नियम पाळायचे असतात. ट्यूनर ही राखलेली जागा खातो. मॅपमधले आकडे बदलले की तेच इंजिन जास्त ताकद देतं. काय गमावून देतं, हा प्रश्न जाहिरातीत नसतो.

सुरुवातीला मॅप ईप्रॉम नावाच्या चिपमध्ये असत. या चिपला काचेची छोटी खिडकी असे. तिच्यातून अतिनील प्रकाश टाकला की जुनं पुसलं जाई आणि नवं लिहिता येई. डबा उघडायचा, चिप काढायची, दुसरी बसवायची. नंतर फ्लॅश मेमरी आली. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ हे ठरावीक जोडणीचं ठिकाण सक्तीचं झालं. हळूहळू डबा उघडायची गरजच उरली नाही. लॅपटॉप आणि एक केबल पुरे.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्यानं कान टवकारावेत अशी गोष्ट. शहाणा ट्यूनर काहीही बदलण्याआधी गाडीतली मूळ फाईल वाचून जपून ठेवतो. काही बिघडलं तर परत टाकता यावी म्हणून, दुसरा हेतू नाही. पण अशा हजारो 'ओरिजिनल' फायली साठत गेल्या : गाडीचं मॉडेल, इंजिन, सॉफ्टवेअरची आवृत्ती यांसकट. जमा करणाऱ्यांना पत्ता नसताना दप्तर उभं राहिलं. राजवाडे वाड्यांच्या माळ्यांवरून रुमाल गोळा करत हिंडले. इथे तर रुमाल आपोआप एका जागी येत होते.

नुसती फाईल म्हणजे मात्र आकड्यांचा ढीग. मोडी न येणाऱ्याच्या हाती मोडीचा कागद यावा तसं. ती वाचायला दोन गोष्टी लागतात. एक, बॉशचे 'फुंक्सिओन्सरामेन', म्हणजे संगणक कोणता निर्णय कोणत्या अटींवर घेतो हे आकृत्यांसह सांगणारे जर्मन दस्तऐवज. दुसरी, ए२एल नावाची फाईल. कोणता आकडा कोणत्या पत्त्यावर आहे आणि त्याचं नाव काय, हे तिच्यात असतं. दोन्ही कंपन्यांच्या आतल्या कामासाठी होत्या. त्या फुटल्या, आणि ट्यूनर मंडळींत हातोहात फिरू लागल्या.

आता २०१५ साल. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्यानुसार सॉफ्टवेअरचं डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा आहे, पण दर तीन वर्षांनी त्यातून सवलती मागता येतात. गाडीच्या मालकाला स्वतःच्या गाडीचं सॉफ्टवेअर उघडू द्यावं, अशी मागणी त्या वर्षी पुढे आली. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरनं विरोधात म्हणणं मांडलं की ग्राहकाला सॉफ्टवेअर वापरण्याचा फक्त परवाना मिळतो, तोही यंत्राच्या आयुष्यापुरता. जुलैमध्ये अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा विरोधात उतरली : लोक इंजिनाचे आकडे बदलतील आणि धूर वाढेल. आणि १८ सप्टेंबरला त्याच ईपीएनं फोक्सवॅगनला नोटीस पाठवली, की डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणी ओळखून फसवणारी युक्ती आहे. आकडे मालकानं नाही, कारखान्यानंच बदलले होते. २८ ऑक्टोबरला सवलत मंजूर झाली, तीही एक वर्षानं लागू होईल अशी.

ही चोरी आधी पकडली गेली ती बाहेरून. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात डॅन कार्डर यांच्या गटानं धूर मोजायचं यंत्र गाडीतच बसवून ती रस्त्यावर चालवली. जेटाचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाले, पसाटचे ५ ते २० पट. एवढ्यानं 'काहीतरी गडबड आहे' हे सिद्ध झालं. गडबड कशी केली, हे धुरावरून कळत नाही. त्यासाठी कोड वाचावा लागतो.

तो वाचला फेलिक्स डोमके या जर्मन हॅकरनं, स्वतःच्या फोक्सवॅगन शरानमधून. डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या एका परिषदेत त्यानं ते मांडलं. कोडमध्ये वेळ आणि अंतर यांच्या वक्ररेषांच्या जोड्या होत्या. युरोपातली तेव्हाची चाचणी ११८० सेकंदांची, सुमारे ११ किलोमीटरची. गाडीनं कापलेलं अंतर दोन रेषांच्या मधे राहिलं, तर 'आपण चाचणीत आहोत' असं संगणक धरतो आणि धूर स्वच्छ ठेवतो. रेषेबाहेर गेलात, की दुसरी वागणूक. आणि या यंत्रणेचं कोडमधलं नाव काय? 'ध्वनी'शी संबंधित. नावावर विश्वास ठेवून पुढे गेला असता तर काहीच सापडलं नसतं.

२०१७ मध्ये डोमके आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी मिळून शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी आठ वर्षांतल्या सुमारे ९०० फायली तपासल्या आणि ४०० हून अधिक फायलींत ही युक्ती असल्याचं दिसलं. त्यांची साधनं कोणती ते बघा. काही फायली फोक्सवॅगनच्या सर्व्हिस संकेतस्थळावरून, तर काही फायली आणि बॉशचे दस्तऐवज ट्यूनर मंडळींकडून. प्रतिष्ठित परिषदेतला निबंध, आणि त्याच्या साधनांत गॅरेजवाल्यांनी जपलेले, फुटलेले कागद!

अशा साधनाची चिकित्सा कशी करायची? फायलीवर कुणीतरी आधीच हात फिरवलेला असू शकतो, म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन वेगळ्या ठिकाणच्या प्रती ताडून पाहायच्या. दस्तऐवजात लिहिलेली अट कोडमध्ये खरंच आहे का, हे तपासायचं. माझं मत विचाराल तर मूळ फाईल म्हणजे समकालीन पत्र, आणि 'तीस हॉर्सपॉवर वाढली' म्हणणारी ट्यूनरची जाहिरात म्हणजे बखर. दोन्ही वापरा, पण एका तागडीत घालू नका.

आणि या मंडळींना हुतात्मे करू नका. ईपीएची २०१५ मधली भीती खोटी नव्हती. तिच्याच २०२० च्या अहवालाचा अंदाज असा, की आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची धूर रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली. ते कामही अशाच केबलनं, अशाच सॉफ्टवेअरनं झालं. ज्या कौशल्यानं कारखान्याची लबाडी वाचता आली, तेच कौशल्य धूर विकायलाही वापरलं गेलं. ही गाठ सोडवायचा मोह टाळा. तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण तिच्यावरच उभं राहू शकतं.

हा विषय पुण्याला परका नाही. २०१५ च्या शेवटी पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं भारतात विकलेल्या फोक्सवॅगन गटाच्या डिझेल गाड्या तपासल्या, आणि डिसेंबरमध्ये कंपनीनं ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. दुरुस्तीचा मुख्य भाग म्हणजे नवं सॉफ्टवेअर. म्हणजे गाडी सर्व्हिस सेंटरला गेली, केबल लागली, आणि जुन्या कोडवर नवा कोड लिहिला गेला. रस्त्यावरच्या त्या गाडीत आता जुनं काही सापडणार नाही. दुरुस्तीआधीच एखाद्या ट्यूनरनं ती गाडी वाचली असेल, तर त्याच्या हार्ड डिस्कवर ती प्रत अजून पडून असेल.