लहान विमान उतरताना काय बिघडते?

रावेरकरांना जवळचा विमानतळ जळगावचा. धुळे व शिरपूर येथेही धावपट्ट्या आहेत आणि शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने खान्देशाला नवी नाहीत. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे विमान कोसळले. प्रशिक्षक मृत्युमुखी पडले, शिकाऊ वैमानिक तरुणी जखमी झाली. तो अपघात धावपट्टीपासून दूर घडला. एरवी लहान विमानांचे सर्वाधिक अपघात उतरतानाच होतात. त्यांपैकी बहुतेकांत माणसे बचावतात. म्हणून त्यांची चर्चाही फारशी होत नाही.

वेगाचे गणित

उतरताना वेग कमी करावाच लागतो. पण तो ठरावीक मर्यादेखाली गेल्यास पंख विमानाला तोलून धरू शकत नाहीत. वैमानिक यास ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच अंतिम टप्प्यात या मर्यादेच्या साधारण १.३ पट वेग राखला जातो. उंची कायम राखून वळताना ही मर्यादा वाढते : विमान ३० अंश कलले तर सुमारे ७ टक्क्यांनी, ६० अंश कलले तर ४१ टक्क्यांनी. धावपट्टीची रेषा चुकली म्हणून अखेरच्या क्षणी घेतलेले तीव्र वळण यामुळेच घातक ठरते. सावरण्याइतकी उंचीच उरलेली नसते.

अधिक वेगही तितकाच वाईट. वेग १० टक्के जास्त असेल, तर थांबताना जिरवावी लागणारी ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. असे विमान धावपट्टीवर तरंगत राहते. ते बळेच टेकवू पाहिल्यास उसळते, पुढच्या चाकावर आदळते आणि चाकाचा दांडा मोडतो किंवा पंखा जमिनीला घासतो.

ऊन आणि पाऊस

खान्देशातील उन्हाळा या गणितात भर घालतो. तापलेली हवा विरळ होते. पारा ४५ अंशांवर असता जळगावची हवा विमानाला समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवरील हवेसारखी भासते. वेगदर्शक काटा नेहमीचाच आकडा दाखवतो. प्रत्यक्षात विमान अधिक वेगाने टेकते व त्याला धावपट्टी जास्त लागते. पुन्हा वर जायचे झाल्यास इंजिनाची ताकदही कमी पडते.

पावसाळ्यात ओली धावपट्टी, आडवा वारा व अंधूक दृश्यमानता असते. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत मुसळधार पावसात उतरणारे लिअरजेट विमान धावपट्टीवरून घसरून मोडले. दृश्यमानता ७०० मीटर होती. विमानातील आठही जण वाचले.

बारामतीत तसे घडले नाही. २८ जानेवारी २०२६ रोजी तेथे उतरण्याच्या दुसऱ्या प्रयत्नात लिअरजेट कोसळून उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. कारणमीमांसा हे तपास यंत्रणेचे काम. परंतु लहान धावपट्ट्यांवरील सोयींचा प्रश्न त्यामुळे राज्यभर ऐरणीवर आला. अशा अनेक ठिकाणी ढगांतून वा धुक्यातून वाट दाखवणारी उपकरणे नसतात. धावपट्टी डोळ्यांना दिसणे, हाच आधार असतो.

‘गो-अराउंड’चा निर्णय

वेग, उंची वा दिशा यांपैकी काहीही चुकले, तर उतरणे सोडून पुन्हा वर जावे, हा शिकाऊ वैमानिकाचा पहिला धडा होय. यास ‘गो-अराउंड’ म्हणतात. चुकलेला प्रयत्न तसाच रेटण्याचा मोह मात्र अनुभवी वैमानिकालाही होतो. सभा, लग्न, बैठक यांची वेळ गाठू पाहणाऱ्या प्रवाशांची घाई त्यात भर घालते. तेव्हा विमान टेकता टेकता पुन्हा वर गेले किंवा दुसऱ्याच विमानतळाकडे वळले, तर वैमानिकाला दोष देऊ नये. उशीर झाला तरी आपण सुखरूप आहोत, हे ध्यानात ठेवावे.