डायलचं कुलूप आणि हॉलमधला पांढरा डबा



“राउटरवर रात्री दहाची वेळ लावली आहे, तरी पोरगं अकरा वाजता ऑनलाइन कसं?” हा प्रश्न आपल्यासारख्या पालकांत फिरून फिरून येतो. उत्तर पाच मिनिटांचं आहे, पण ते नीट कळायला थोडा इतिहास लागतो. म्हणून पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक करा. तुम्ही इथे अल मनखूलमध्ये राहत असाल तर आत्ता हॉलमध्ये उभं राहून फोनवर वाय-फायची यादी उघडा. वीस-पंचवीस नावं सहज दिसतील, कारण एकेका मजल्यावर सात-आठ फ्लॅट आहेत आणि समोरची बिल्डिंग हाकेच्या अंतरावर. त्यातलं एक नाव तुमच्या राउटरचं. आता नीट बघा, कंपनीचं नाव आणि पुढे काही अक्षरं-आकडे असलेलं एखादं नेटवर्क पूर्ण ताकदीने दिसतंय का? ते बहुधा शेजाऱ्याचं नाही. ते तुमच्याच टीव्हीखालच्या पांढऱ्या डब्यातून येतंय. त्याचा पासवर्ड डब्याच्या पाठीवर छापलेला आहे, आणि तुमच्या मुलाने तो कधीच वाचलाय.

आता मागे जाऊया. गावाकडच्या किंवा चाळीतल्या घरी काळा डायलचा फोन आठवतोय? पोरांनी ट्रंक कॉल लावू नयेत म्हणून डायलच्या भोकात एक छोटंसं कुलूप अडकवलेलं असायचं. किल्ली वडिलांच्या जानव्याला नाहीतर आईच्या कमरेला. आणि आपल्यातल्या किती जणांनी ते कुलूप न उघडता फोन लावला? रिसिव्हर ठेवायची जी खुंटी असते ती टकटक टकटक दाबायची. पाच वेळा दाबली की पाच आकडा लागायचा. डायल फिरवल्यावर तरी दुसरं काय व्हायचं? तारेतला प्रवाह तितक्या वेळा तुटायचा, एवढंच. कुलूप डायलला होतं, लाइनला नव्हतं. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज आली आणि एसटीडीला कोड टाकून बंद करायची सोय झाली. ते कुलूप एक्सचेंजमध्ये लागायचं. तिथे आपली टकटक चालेना.

हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट एवढ्यावरच आहे.

इंटरनेट आलं तेव्हा ते तारेचंच होतं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ते सर्वसामान्यांना खुलं केलं, मुंबईसह चार महानगरांत. त्याच वर्षी इथे अमिरातीत एतिसलातने सुरू केलं. एतिसलात १९७६ ची, तेव्हा देशात दूरसंचाराची तीच एक कंपनी. मोबाइलवर दुसरी कंपनी, डू, २००७ मध्ये आली. त्या डायल-अप काळात पालकांना कसलं सेटिंग करावं लागत नव्हतं. मोडेम किंचाळायचा, घरचा फोन एंगेज व्हायचा, आणि कॉम्प्युटर हॉलमध्ये सगळ्यांसमोर असायचा. कोण कधी बसलं हे शेजारच्या काकूंनाही कळायचं.

वाय-फायचा जन्म मात्र वेगळ्याच ठिकाणी झाला. १९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने काही रेडिओ लहरी विनापरवाना वापरायला मोकळ्या केल्या. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा फारसा कोणाला नको होता, कारण स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच काम करतो. त्या मोकळ्या जागेवर नजर पडली ती दुकानातले गल्ले बनवणाऱ्या एनसीआर कंपनीची. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्याच्या तारा उपटायच्या आणि परत टाकायच्या, याला ते वैतागले होते. नेदरलँड्समधल्या त्यांच्या इंजिनिअरांनी बिनतारी गल्ला जोडला. त्यांच्यातलेच व्हिक हेज पुढे दहा वर्षं सगळ्या कंपन्यांना एका टेबलाशी बसवत राहिले. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक ठरलं, वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. १९९९ मध्ये ११ मेगाबिट झाला आणि “वाय-फाय” हे नावही त्याच वर्षी मिळालं. म्हणजे आज मुलांच्या झोपेवरून घरात जी भांडणं होतात, त्याचं मूळ एका दुकानाच्या गल्ल्यात आहे.

पण तरीही मोडेम वेगळा आणि वाय-फाय वेगळं, अशी बरीच वर्षं गेली. इथल्या जुन्या रहिवाशांना आठवत असेल, घरी ब्रॉडबँडचा मोडेम लागायचा, त्यात एका कॉम्प्युटरची केबल जायची. वाय-फाय हवं असेल तर मनखूल रोडवरच्या अल ऐन सेंटरला किंवा खालिद बिन अल वलीद रोडच्या कॉम्प्युटर स्ट्रीटला जायचं, घासाघीस करून दोन अँटेनांचा राउटर आणायचा आणि ओळखीतल्या एखाद्या आयटीवाल्याला बिर्याणी खाऊ घालून तो लावून घ्यायचा. राउटर तुमचा, पासवर्ड तुमचा, बंद करायचं बटणही तुमचं.

मग दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे फायबर आलं. तांब्याची तार जाऊन काचेची आली, आणि प्रकाशाचे संकेत वाचणारा डबा कंपनीनेच द्यायला हवा, हे ओघाने आलं. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. २००४ मध्ये टीआर-०६९ नावाचं एक मानक निघालं. त्यामुळे कंपनीला ग्राहकाच्या घरातला डबा स्वतःच्या ऑफिसातून चालू करता येतो, दुरुस्त करता येतो, त्याची सेटिंग बदलता येतात. कंपनीच्या बाजूने विचार केला तर हे शहाणपणाचंच आहे. दर तक्रारीला माणूस पाठवणं कोणाला परवडतं? ग्राहकालाही एकच डबा हवा होता, तारांचं जंजाळ नको. म्हणून मोडेम, राउटर आणि वाय-फाय एका पेटीत आले, आणि तंत्रज्ञ निघून जायच्या आतच वाय-फाय चालू असायला लागलं. सोय झाली. फक्त घरातल्या हवेत काय फिरतंय हे आपण ठरवत होतो, ते आता आधीच ठरून येऊ लागलं.

उघड्या वाय-फायने काय होऊ शकतं, ते आपल्या महाराष्ट्रातच दिसलं. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलीस माग काढत पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यात, एका अमेरिकन भाडेकरूच्या फ्लॅटवर. ईमेल त्याच्या कनेक्शनवरून गेला होता, पण पाठवला होता दुसऱ्यानेच, त्याच्या उघड्या वाय-फायवर चढून. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी तेच झालं, तेव्हा वाय-फाय चेंबूरमधल्या एका कंपनीचं. निर्दोष माणसाला चौकशीला सामोरं जावं लागलं. फेब्रुवारी २००९ मध्ये भारताच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या.

आज डबे पासवर्डसकट येतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पासवर्ड पाठीवर छापलेला असेल तर तो गुप्त कसा? आपल्या भागात फ्लॅट शेअर करणारी कुटुंबं आहेत. आधीचा शेअरिंगवाला, सुट्टीत आलेला भाचा, बर्थडेला आलेली अर्धी वर्गमंडळी, सगळ्यांच्या फोनमध्ये तो साठवलेला असतो. आणि कनेक्शन कोणाच्या एमिरेट्स आयडीवर आहे? तुमच्या.

दुसरा राउटर आपल्याकडे कधी आला ते आठवा. २२ मार्च २०२० पासून इथल्या शाळा ऑनलाइन झाल्या. दोन मुलं, दोन वर्ग, एका खोलीत आईची मीटिंग. बेडरूमपर्यंत रेंज पोचेना म्हणून बऱ्याच घरांनी चांगला राउटर घेतला, ज्यात मुलांच्या फोनला वेळ लावता येते, साइट अडवता येतात. तो कंपनीच्या डब्याला जोडला आणि काम झालं असं समजलो. पण डब्याचं स्वतःचं वाय-फाय कोणी बंद केलं? मुलगा दहा वाजता तुमच्या राउटरवरून उतरतो आणि डब्यावर चढतो. तुमचं ॲप म्हणतं, “डिव्हाइस ऑफलाइन.” तुम्ही समाधानाने झोपता.

कुलूप डायलला, लाइन उघडी.

तर आता ते बंद कसं करायचं. डबे वेगवेगळे असतात, पण क्रम हाच.

पहिलं, लॅपटॉप केबलने डब्याला जोडा. वाय-फायवर बसून वाय-फाय बंद केलंत तर आपण बसलोय ती फांदीच तोडल्यासारखं होईल.

दुसरं, डब्याच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ असतो (टाइप करताना इंग्रजी आकडे). युजरनेम-पासवर्डही तिथेच असतात. वाय-फायचा पासवर्ड आणि हा ॲडमिनचा पासवर्ड वेगळे, गल्लत करू नका.

तिसरं, वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन असं लिहिलेल्या पानावर जा. तिथे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वाय-फाय असतात. दोन्हींची खूण काढा. एक बंद करून दुसरं विसरणं ही सगळ्यात कॉमन चूक. गेस्ट नेटवर्क आणि डब्ल्यूपीएसही बंद करा. डब्ल्यूपीएस म्हणजे बटण दाबून जोडायची सोय. त्यातल्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ मध्येच जगजाहीर झाली आहे.

चौथं, सेव्ह करा आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला, नाहीतर स्टिकर वाचून कोणीही परत चालू करेल. मग पुन्हा हॉलमध्ये उभं राहून यादी बघा. ते नाव गेलं पाहिजे.

पाचवं, डबा उपटून कपाटात ठेवू नका. इंटरनेट त्यातूनच येतं, बहुधा टीव्ही आणि लँडलाइनही. बंद करायचाय तो फक्त त्यातला रेडिओ. आणि “ब्रिज मोड” नावाचं सेटिंग दिसलं तर हात लावू नका, ते वेगळं प्रकरण आहे. त्यात टीव्ही बंद पडू शकतो.

पानावर ही सोय दिसलीच नाही तर एतिसलातचा १०१ किंवा डूचा १५५ फिरवा आणि सांगा की माझ्या डब्याचं वाय-फाय बंद करून हवंय. मागायला लाजू नका.

आणि महिन्यातून एकदा ती यादी पुन्हा बघा. डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी दाबून धरली की सगळं मूळ पदावर येतं, म्हणजे वाय-फाय चालू आणि जुना पासवर्ड परत. डबा बदलून आला तरी तेच. टाचणीची युक्ती ही आजच्या पिढीची खुंटीवरची टकटक आहे.

याचा एक फायदा मुलांशी संबंध नसलेलाही आहे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. वीस-पंचवीस घरं त्या तिघांत कोंबलेली. एकाच फ्लॅटमधून दोन वाय-फाय ओरडत असतील तर त्यातलं एक गप्प केलेलं तुम्हालाही बरं आणि शेजाऱ्यालाही. देशात आजी-आजोबांना लावलेला व्हिडिओ कॉल अडखळतो, त्याला ही गर्दीही कारण असू शकते.

आता खरं सांगायचं तर एवढं करूनही मुलाकडे मोबाइल डेटा असेल, मित्राचा हॉटस्पॉट असेल. आपण खुंटी टकटक करून फोन लावलेच ना? आणि बिल आल्यावर वडिलांना कळलंच. मला वाटतं, त्या कुलपाचा उपयोग फोन थांबवण्यापेक्षा “या घरात याला मर्यादा आहे” हे दिसण्यासाठी जास्त होता. म्हणून डब्याचं वाय-फाय गुपचूप, मुलं झोपल्यावर बंद करू नका. मुलाला शेजारी बसवा, यादी दाखवा, त्यालाच ती दोन वाय-फाय शोधायला सांगा. डायलच्या कुलपाची गोष्ट सांगा, टकटकीसकट. त्याला कळू दे की आई-बाबांना ही युक्ती माहीत आहे, कारण त्यांनीही ती केलेली आहे. नंतर वेळ कोणती ठेवायची ते दोघांनी बसून ठरवा.

आज रात्री यादी उघडून बघा, आणि तुमच्या घरात किती निघाली ते खाली लिहा. डायलच्या कुलपाच्या आठवणी असतील तर त्याही लिहा.