परदेशात मोबाइल चार्ज करताना

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना परदेशप्रवास आता नवलाईचा राहिलेला नाही. येथील द्राक्ष व डाळिंब उत्पादक इस्रायल, नेदरलँड्स अशा देशांच्या अभ्यासदौऱ्यांवर जातात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ आणि फेरेरो या इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत. कोणी हज वा उमरा यात्रेसाठी सौदी अरेबियाला जातो, तर कोणी अमेरिकेतील मुलांकडे. विमानाचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण, नकाशा, बँकेचे संदेश आणि गटप्रमुखाचा क्रमांक हे सारे आता एका मोबाइलमध्ये असते. परक्या शहरात तो बंद पडला, तर प्रवासी अक्षरशः निराधार होतो. तरीही चार्जरचा विचार बहुधा हॉटेलच्या खोलीत पोहोचल्यावरच होतो.

गावाकडे विजेच्या दाबातील चढउतार अनुभवलेल्या प्रवाशाला पहिली धास्ती वाटते ती व्होल्टेजची. मोबाइलपुरती ही धास्ती बव्हंशी अनाठायी आहे. खरा धोका असतो तो न जुळणाऱ्या पिनेत, निकृष्ट अ‍ॅडॉप्टरमध्ये आणि बॅटरीच्या हाताळणीत.

चार्जरवरील बारीक अक्षरे

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची असते. युरोप आणि इस्रायलमध्येही तीच आहे. सौदी अरेबियात दाब २३० व्होल्ट असला, तरी वारंवारता ६० हर्ट्झ आहे. अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ, तर जपानमध्ये अवघे १०० व्होल्ट. मोबाइलच्या चार्जरवर 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे छापलेले असल्यास तो या सर्व देशांत चालतो. वेगळ्या ट्रान्सफॉर्मरची गरज नसते.

हा नियम इस्त्री, किटली किंवा हेअर ड्रायरला सहसा लागू होत नाही. ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नव्हे. त्यामुळे भारतातील किटली अमेरिकेत नीट तापत नाही आणि केवळ १२० व्होल्टसाठी बनवलेले तेथील उपकरण भारतात लावताच जळू शकते.

देश तसा प्लग

भारतीय मोबाइल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इस्रायल आणि इटलीतील बहुतेक सॉकेटमध्ये बसतात. लॅपटॉपचा भारतीय तीन पिनांचा प्लग मात्र तेथे बसत नाही. अमेरिका व जपानमध्ये दोन चपट्या पिना लागतात, तर ऑस्ट्रेलियात तिरप्या चपट्या. ब्रिटन, दुबई, सौदी अरेबिया, सिंगापूर आणि मलेशियात तीन चौकोनी पिनांचा प्लग वापरला जातो.

या चौकोनी सॉकेटपाशी भारतीय प्रवासी एक घातक युक्ती करतात. सॉकेटच्या खालच्या दोन छिद्रांवर सुरक्षेसाठी झडप असते आणि ती वरची अर्थिंगची पिन आत गेल्यावरच उघडते. घरच्या सवयीने वरच्या छिद्रात पेन, किल्ली किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसून चार्जर आत दाबला जातो. धातूची वस्तू वापरल्यास शॉक बसण्याची शक्यता असते. शिवाय गोल पिना चौकोनी छिद्रात सैल राहतात, ठिणग्या पडतात आणि सॉकेट तापते. ब्रिटनमध्ये तर प्लगमध्येच फ्यूज असतो. या युक्तीत त्या संरक्षणावरही पाणी सोडावे लागते. ज्या झडपेमुळे लहान मुलांचे रक्षण होते, तीच मोठी माणसे जाणूनबुजून निकामी करतात. साधा अ‍ॅडॉप्टर हाच यावर उपाय आहे.

स्वस्ताई महागात

अ‍ॅडॉप्टरमध्ये पिना घट्ट बसल्या पाहिजेत. त्यावर अ‍ॅम्पिअरची मर्यादा छापलेली असावी आणि शक्यतो फ्यूज असावा. अनेक बहुदेशीय अ‍ॅडॉप्टरमध्ये अर्थिंग नसते, हेही ध्यानात ठेवावे. चार्जर व पॉवर बँक घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. एकाच अ‍ॅडॉप्टरवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून सहप्रवाशांचे चार-पाच फोन, किटली आणि इस्त्री चालवणे टाळावे.

विमानातील पॉवर बँक

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानच्या विमानतळावर एअर बुसानच्या विमानाने उड्डाणापूर्वी पेट घेतला. सर्व प्रवासी व कर्मचारी बाहेर पडले. पॉवर बँकेतील बिघाड हे आगीचे संभाव्य कारण असल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी नियम कडक केले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास मनाई केली. चीनने २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत '३सी' चिन्ह नसलेल्या पॉवर बँकांवर बंदी घातली.

पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवता येत नाही; ती हातातील सामानातच हवी. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. २० हजार एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे या मर्यादेत बसते. क्षमतेचे आकडे पुसले गेले असल्यास ती तपासणीत अडवली जाऊ शकते.

सार्वजनिक यूएसबी

विमानतळावरील यूएसबी पोर्टमधून वीज येते, तशीच माहितीची देवाणघेवाणही होऊ शकते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीविषयी काढलेल्या पुस्तिकेत अशा 'ज्यूस जॅकिंग'बाबत सावध केले आहे. स्वतःचा चार्जर भिंतीवरील सॉकेटला लावणे अधिक सुरक्षित.

निघण्यापूर्वी

* जाणार असलेल्या देशातील प्लगचा प्रकार पाहून अ‍ॅडॉप्टर आधीच घ्यावा व घरी चार्जरला जोडून पाहावा.
* चार्जर, अ‍ॅडॉप्टर आणि जादा केबल हातातील बॅगेत ठेवावी.
* अनेक हॉटेलांत किल्लीचे कार्ड काढताच खोलीची वीज बंद होते. फोन लावून बाहेर पडण्यापूर्वी याची खात्री करावी.
* उशीखाली किंवा पांघरुणात फोन चार्ज करू नये. फुगलेली बॅटरी प्रवासात नेऊ नये.
* महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवावा. त्याला चार्जिंग लागत नाही.