चौंडक्याची लय : वेदगंगेकाठच्या तंतुवादनाविषयी एक टिपण

मुरगूड हे कागल तालुक्यातील वेदगंगेकाठचे गाव. येथून कर्नाटकाची सीमा दूर नाही, आणि सौंदत्तीच्या यल्लम्मेची गाणी या साऱ्या पट्ट्यात मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांतून गायिली जातात. जोगती-जोगतिणींच्या या गायनास साथ असते ती मुख्यतः चौंडके, तुणतुणे व झांज यांची. ॲकवर्थ व शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून लोकगीतांची संहिता जमविण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. साथीच्या वाद्यांकडे मात्र ते क्वचितच गेले.

तुणतुण्याची तार खुंटीने ताणलेली असते. तिचा स्वर स्थिर राहतो. चौंडक्याची गोष्ट निराळी. पोकळ नळकांड्याच्या एका तोंडावर कातडे मढवून त्याच्या मध्यातून तात ओवतात व तिचे दुसरे टोक एका लहान मुठीस बांधतात. नळकांडे काखेत धरून एका हाताने मूठ ओढावयाची, दुसऱ्या हाताने लाकडी तुकड्याने तात छेडावयाची. ताण वाढला की स्वर चढतो, सैल पडला की उतरतो. म्हणजे तंतुवाद्य व तालवाद्य हे येथे एकच होय. कातडे घुमते आणि तात बोलते. द्रुत गाण्यात वादक ओढीची जागा किंचित पुढेमागे सरकवितो आणि नाचणाऱ्याचे पाऊल त्या ओढीवरच पडते.

स्पेनमधील हेरेझ येथील ‘बुलेरिआस’ या चपळ फ्लामेंको प्रकारात असेच काही घडते. तेथे बारा मात्रांचे आवर्तन असून बारावी, तिसरी, सहावी, आठवी व दहावी या मात्रांवर आघात येतो. गिटारवादक तारा झपाट्याने छेडीत असतानाच बोटांनी वाद्याच्या फळीवर थाप देतो. दोहोंत वंशसंबंध जोडण्यास आधार नाही, आणि चौंडक्याची चाल सामान्यतः चार-चार मात्रांची आहे. साम्य आहे ते तार व थाप एकाच वादकाकडे असण्यात.

जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेस कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९२० साली कायद्याने प्रतिबंध केला; पुढे कर्नाटकाने १९८२ साली व महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे केले. मुलींना देवीस वाहण्याची ही प्रथा अन्याय्यच होती. परंतु तिच्याबरोबर वादनही त्याज्य मानले गेल्यास ओढीचे हे तंत्र हातातून हाती जाण्याचे थांबेल. कारण ते शिष्य गुरूच्या काखेकडे पाहूनच शिकतो, आणि स्वरलिपीत ती ओढ लिहिण्याची खूण आपल्याकडे रूढ नाही.