माशांची साक्ष

ओढ्याचे पाणी चांगले की वाईट, हे कसे ठरवावे? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक मुले सांगतील, ‘बाटलीत नमुना घ्यायचा आणि प्रयोगशाळेत तपासायचा.’ उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. ते किती अपुरे आहे हे दाखवून देण्यात अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एका किरकोळ ओढ्याचा मोठा वाटा आहे. शेतांमधून वाहणाऱ्या या ओढ्याचे नाव ब्लॅक क्रीक. त्याचे पाणलोट क्षेत्र अवघे १२ हजार एकरांच्या आसपास.

दलदल गेली, नाले आले

ब्लॅक क्रीक मॉमी नदीला मिळतो. ही नदी पुढे ओहायओ राज्यातून वाहत जाऊन टोलेडो शहरापाशी ईरी सरोवराला मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मॉमीच्या खोऱ्यात ‘ग्रेट ब्लॅक स्वाम्प’ नावाची अफाट दलदल होती. वसाहत करणाऱ्यांनी तिथली झाडे तोडली, चर खणले आणि जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या एकापुढे एक पुरल्या. मुरलेले पाणी सांध्यांतून नळ्यांत शिरे आणि चरांत येऊन पडे. दलदलीच्या जागी काळीभोर, सुपीक शेती उभी राहिली. ओढ्यांची वळणे काढून त्यांना सरळ केले गेले, काठची झाडेही गेली. शेतातले पाणी लवकरात लवकर बाहेर काढणे, एवढेच काम ओढ्याकडे उरले.

याचे परिणाम दूर सरोवरात दिसले. १९६० च्या दशकात ईरी सरोवर शेवाळाने इतके भरू लागले की वृत्तपत्रे त्याला ‘मेलेले सरोवर’ म्हणू लागली. मुख्य कारण होते स्फुरद. शहरांचे सांडपाणी व धुण्याच्या पावडरी यांच्याबरोबर शेतांतूनही तो येत होता. स्फुरद मातीच्या कणांना चिकटतो, म्हणून वाहून जाणारी माती अडवली की स्फुरदही अडेल, असा तर्क होता. १९७२ साली अमेरिका व कॅनडा यांच्यात सरोवरांच्या पाण्याविषयी करार झाला. त्याच वर्षी अमेरिकेने जलशुद्धीचा नवा कायदा केला. पाण्याची रासायनिक, भौतिक आणि जैविक अशी तिन्ही अंगांनी अखंडता राखणे, हे त्या कायद्याचे उद्दिष्ट होते. याच सुमारास ब्लॅक क्रीकवर मृदसंधारणाचा प्रकल्प सुरू झाला. जिल्ह्याचे मृद व जलसंधारण मंडळ, पर्ड्यू विद्यापीठ आणि केंद्रीय पर्यावरण संस्था त्यात सहभागी होत्या.

पक्ष्यांचा अभ्यासक ओढ्यावर

प्रकल्पातील जीवशास्त्राची बाजू जेम्स कार यांच्याकडे होती. ते मुळात पक्ष्यांचे अभ्यासक. एखाद्या जागी किती जातींचे पक्षी राहतात हे तिथल्या झाडोऱ्याच्या रचनेवर अवलंबून असते, हे त्यांना ठाऊक होते. ओढ्यातल्या माशांचेही तसेच असेल का?

कार आणि त्यांचे सहकारी गॉर्मन यांनी इंडियाना आणि पनामा येथील ओढ्यांत पाण्याची खोली, तळाचा प्रकार आणि प्रवाहाचा वेग या तीन गोष्टी जागोजागी मोजल्या. १९७८ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. जिथे या तिन्हींत विविधता होती, तिथे माशांच्या जातीही अधिक होत्या. नैसर्गिक ओढ्यांत हे मत्स्यजीवन ऋतूंबरोबर फारसे ढळत नव्हते. माणसाने बदललेल्या ओढ्यांत मात्र त्यात मोठे चढउतार होत.

कारण समजायला अवघड नाही. वळणाच्या ओढ्यात डोह असतात, खळाळ असतात, मुळांखाली लपायच्या जागा असतात. सरळ चरात सगळीकडे सारखेच उथळ पाणी. सावली नसल्याने ते उन्हाळ्यात तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. ऊन आणि खत दोन्ही मिळाल्याने शेवाळ माजते. शेतातली माती अडवली तरी यातले काहीच बदलत नाही. म्हणून केवळ शेतावर उपाय करून भागणार नाही. काठ आणि पात्र यांचाही विचार करावा लागेल, असे कार सांगू लागले.

बारा प्रश्न, साठ गुण

हे पटवायचे तर मोजमाप हवे. सजीवांवरून पाणी ओळखण्याची कल्पना नवी नव्हती. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मारसन यांनी १९०८ व १९०९ साली सांडपाण्याच्या कमीजास्त प्रमाणानुसार आढळणाऱ्या वनस्पती व प्राण्यांच्या याद्या दिल्या होत्या. पण त्या सांडपाण्यासाठी होत्या. शेतमुलखात घाण सोडणारी एक नळी दाखवता येत नाही. गाळ, खत, ऊन, सरळ केलेले पात्र अशी अनेक कारणे एकत्र काम करतात.

१९८१ साली कार यांनी ‘जैविक अखंडतेचा निर्देशांक’ मांडला. ओढ्याच्या ठरावीक लांबीतले मासे पकडायचे, मोजायचे आणि बारा प्रश्न विचारायचे. एकूण जाती किती? स्वच्छ खड्यांमध्ये राहणारे डार्टर मासे आहेत का? ग्रीन सनफिशसारख्या काटक माशांचेच राज्य झाले आहे का? मिळेल ते खाणारे किती, कीटक खाणारे किती, दुसऱ्या माशांवर जगणारे किती? रोगट मासे किती? प्रत्येक उत्तराला ५, ३ किंवा १ गुण. तुलना करायची ती त्याच प्रदेशातल्या कमीत कमी बिघडलेल्या ओढ्याशी. सगळे उत्तम असेल तर ६० गुण, सगळेच बिघडले असेल तर १२.

बाटलीतला नमुना त्या घटकेचे पाणी सांगतो. मासा मात्र तिथे वर्षानुवर्षे राहतो. परवा रात्री पावसाबरोबर आलेले कीटकनाशक आज बाटलीत सापडणार नाही, पण त्याने मेलेल्या माशांची जागा रिकामीच दिसेल. ओहायओ राज्याने १९९० साली जैविक कसोट्या आपल्या नियमांतच घातल्या. तिथे नद्या-ओढ्यांच्या ६४५ भागांची दोन्ही पद्धतींनी तुलना झाली. जवळपास निम्म्या भागांत रसायनांच्या तपासणीने सारे ठीक असल्याचे सांगितले, आणि सजीवांनी बिघाड दाखवला!

गोष्ट इथे संपत नाही

ईरी सरोवर काही काळ सुधारले. पण १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर मॉमीतून येणारा विरघळलेला स्फुरद वाढत गेला. तो मातीबरोबर अडत नाही, जमिनीखालच्या नळ्यांतून थेट ओढ्यात येतो. ऑगस्ट २०१४ मध्ये सरोवरातील विषारी शेवाळामुळे टोलेडो परिसरातील सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. पाणी उकळूनही उपयोग नव्हता, कारण हे विष उकळण्याने जात नाही. दलदल आटवण्यासाठी पुरलेल्या नळ्यांचा हिशोब दीडशे वर्षांनी असा पुढे आला.

कार यांची यादी आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही, कारण मासे वेगळे. पण पद्धत चालते. मध्य प्रदेशातील खान आणि क्षिप्रा या नद्यांसाठी ती बदलून वापरल्याचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. शाळेला मासे पकडण्याची गरज नाही. गावच्या ओढ्याचे दोन भाग निवडा: एक झाडांच्या सावलीतला, एक उघडा आणि सरळ केलेला. पाणी उथळ असताना दोन्हीकडचे दहा-दहा दगड उलटून पाहा आणि किती प्रकारचे किडे चिकटलेले दिसतात ते मोजा. नावे माहीत नसली तरी चालेल; चित्रे काढा, आणि दगड होते तसे परत ठेवा. दोन याद्या वेगळ्या आल्या तर कारणे मुलांनाच शोधू द्या. त्यासाठी त्यांना पाण्याबरोबर काठ, सावली आणि शेजारचे शेतही पाहावे लागेल.