घरच्या संगीतयंत्रणेची वीजजोडणी: आधी अर्थिंग, मग कंडिशनर

ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि टर्नटेबल यांची निवड महिनोन्महिने चालते. मात्र ही सारी उपकरणे ज्या विजेवर चालणार, तिचा विचार बहुधा यंत्रणा घरी आल्यानंतर, आणि तोही स्पीकरमधून घुमघुम ऐकू येऊ लागल्यावर होतो. मग कोणी महागडा 'पॉवर कंडिशनर' सुचवितो, तर कोणी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देतो. यांपैकी पहिला उपाय अनेकदा अनावश्यक ठरतो, तर दुसरा जिवावर बेतू शकतो. म्हणूनच घरातील वायरिंग, संरक्षक साधने आणि वीजशुद्धीकरणाची उपकरणे यांपैकी कशाची गरज केव्हा असते, हे खरेदीपूर्वीच समजून घेणे हिताचे आहे.

परदेशी सल्ला आणि आपला वीजपुरवठा

या विषयावर उपलब्ध असलेले बरेचसे लेखन अमेरिकेतील आहे. तेथे घरातील सामान्य सॉकेटमध्ये १२० व्होल्ट वीजदाब असतो. आपल्याकडे तो २३० व्होल्ट आहे. तेवढ्याच वॅटच्या उपकरणासाठी तेथे जवळपास दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेत होणारी दाबाची घटही दुप्पट होते, आणि मूळ दाबाशी तिचे प्रमाण पाहिले तर ती जवळजवळ चौपट भरते. प्रत्येक ॲम्प्लिफायरसाठी २० अँपिअरची स्वतंत्र लाइन टाकावी, या तिकडच्या सल्ल्यामागे हे कारण आहे. तो सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

प्रत्यक्ष गरज किती असते ते पाहू. प्रत्येक चॅनलला १०० वॅट देणारा दोन चॅनलचा 'क्लास एबी' ॲम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने चालला, तर भिंतीतून सुमारे साडेतीनशे ते चारशे वॅट घेतो. दिवाणखान्यातील नेहमीच्या आवाजात स्पीकरला सरासरी काही वॅटच पुरतात. सबवूफर, दूरचित्रवाणी संच आणि इतर उपकरणे मिळून हजार वॅट धरले, तरी प्रवाह साडेचार अँपिअरच्या आत राहतो. १६ अँपिअरची एक चांगली लाइन बहुतेक घरगुती यंत्रणांना पुरून उरते.

स्वतंत्र सर्किट कसे असावे

स्वतंत्र लाइनचा लाभ क्षमतेपेक्षा शांततेसाठी अधिक असतो. वातानुकूलन यंत्र, फ्रिज, पाण्याचा पंप किंवा मिक्सर ज्या लाइनवर आहे, तीच लाइन ॲम्प्लिफायरला दिली, तर मोटर सुरू-बंद होताना स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येऊ शकतो. पंख्याचे फिरते ट्रायॅक पद्धतीचे रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर हे खरखरीचे आणखी एक उगमस्थान. त्याऐवजी कपॅसिटर असलेले टप्प्याटप्प्यांचे रेग्युलेटर बसविले, तर ही तक्रार अल्प खर्चात मिटते.

नवीन लाइन घराच्या वितरण पेटीपासून थेट यंत्रणेपर्यंत न्यावी. तांब्याची, 'आयएस ६९४' मानकाची खूण असलेली २.५ चौरस मिलिमीटरची तार साधारणपणे पुरेशी असते. वीस मीटर अंतरावर दहा अँपिअर प्रवाह वाहत असता या तारेत सुमारे ३.२ व्होल्टची घट होते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ती सुमारे दोन व्होल्ट असते, तर दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत पाच व्होल्टच्या पुढे जाते. भिंती फोडलेल्याच असतील तर जाड तार टाकून घ्यावी. केवळ तेवढ्यासाठी चांगल्या स्थितीतील वायरिंग उखडण्याचे कारण नाही.

एमसीबी निवडताना त्यावरील अक्षर पाहावे. 'बी' प्रकारचा एमसीबी नियत प्रवाहाच्या तीन ते पाच पटींत तत्काळ पडतो, 'सी' प्रकारचा पाच ते दहा पटींत. मोठा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असलेला ॲम्प्लिफायर सुरू करताना क्षणभर फार मोठा प्रवाह घेतो आणि 'बी' प्रकारचा एमसीबी विनाकारण पडतो. अशा ठिकाणी १६ अँपिअरचा 'सी' प्रकार योग्य.

यंत्रणेतील सर्व उपकरणे, त्यांना जोडलेल्या दूरचित्रवाणी संचासह, याच एका लाइनवर ठेवावीत. एका यंत्रणेसाठी दोन-तीन वेगळ्या लाइन टाकल्या की अर्थिंगचे मार्ग वेगवेगळे होतात आणि ज्या घुमघुमीपासून सुटका हवी, तिलाच निमंत्रण मिळते. घरात तीन फेजचा पुरवठा असेल तर सर्व उपकरणे एकाच फेजवर असणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. दोन वेगळ्या फेजमधील दाब ४०० व्होल्ट असतो.

अर्थिंगशी तडजोड नको

आपल्या तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन जाड आणि लांब असते. प्लग लावताना अर्थिंग सर्वांत आधी जुळावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे, हा त्यामागील हेतू. ॲम्प्लिफायरमधील ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन निकामी झाले, तर त्याची धातूची पेटी २३० व्होल्टवर जाते. अर्थिंग असेल तर दोषप्रवाह त्या वाटेने जातो आणि संरक्षक साधन पुरवठा तोडते. पिन काढलेली असेल तर पेटी तशीच जिवंत राहते. शिवाय संगीतयंत्रणेत सर्व उपकरणे सिग्नलच्या तारांनी एकमेकांना जोडलेली असतात. त्यामुळे धोका एका पेटीपुरता न राहता टर्नटेबलच्या टोनआर्मपर्यंत किंवा मायक्रोफोनपर्यंत पोहोचू शकतो. पिन काढल्यावर घुमघुम थांबते हे खरे, पण त्या शांततेची किंमत घरातील कोणालाही मोजावी लागू शकते.

जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे तारच नसते, असेही आढळते. म्हणून खरेदीपूर्वी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून सॉकेटमधील फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ हे तिन्ही दाब, यंत्रणेचा भार चालू असताना आणि बंद असताना, मोजून घ्यावेत. सदनिकेतील अर्थिंग अखेर इमारतीच्या सामाईक अर्थिंगवर अवलंबून असते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की त्याचा रोध वाढतो. त्यामुळे त्याची नियमित तपासणी हा गृहनिर्माण संस्थेच्या देखभालीचा भाग असायला हवा. अर्थिंगसाठी 'आयएस ३०४३' आणि वायरिंगसाठी 'आयएस ७३२' ही भारतीय मानके आहेत.

संगीतयंत्रणेसाठी अर्थिंगचा वेगळा खड्डा खणण्याचा सल्लाही काही जण देतात. हा खड्डा घराच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेला नसेल, तर वीज कोसळताना किंवा दोष निर्माण झाल्यास दोन्ही अर्थिंगमध्ये मोठा दाबफरक पडू शकतो. दुसरे असे, की खड्ड्याचा रोध पाच ओहम धरला तर २३० व्होल्टला दोषप्रवाह जास्तीत जास्त ४६ अँपिअर होतो. १६ अँपिअरच्या 'सी' प्रकारच्या एमसीबीला तत्काळ पडण्यासाठी किमान ८० अँपिअर लागतात. म्हणजे अर्थिंग असूनही पुरवठा लगेच तुटेलच असे नाही.

हीच उणीव आरसीसीबी भरून काढतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडण्याच्या आत तो पुरवठा तोडतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी 'ए' प्रकारचा आरसीसीबी घ्यावा. आधुनिक उपकरणांतील फिल्टर थोडा थोडा प्रवाह अर्थिंगकडे सोडत असतात. साऱ्या घराला एकच आरसीसीबी असेल तर या गळतीची बेरीज होऊन तो वारंवार पडतो. संगीतयंत्रणेच्या लाइनला स्वतंत्र आरसीसीबी, किंवा एमसीबी आणि आरसीसीबी यांचे काम एकत्र करणारा आरसीबीओ, दिल्यास हा त्रास टळतो.

घुमघुम कोठून येते?

स्पीकरमधील घुमघुमीचे सर्वांत नेहमीचे कारण 'ग्राउंड लूप' हे असते. दोन उपकरणे सिग्नलच्या तारेनेही जोडलेली आणि अर्थिंगनेही जोडलेली असली, की त्या दोन वाटांचे वेटोळे तयार होते. त्यातून वाहणारा किंचित प्रवाह ५० हर्ट्झचा खर्ज सूर बनून ऐकू येतो. फिल्टर किंवा स्टॅबिलायझर लावून हे वेटोळे तुटत नाही. त्यामुळेच हजारो रुपयांचा कंडिशनर आणूनही घुमघुम कायम राहिल्याची तक्रार ऐकू येते.

शोध घेण्याची पद्धत सोपी आहे. यंत्रणा बंद करून ॲम्प्लिफायरला जोडलेल्या सर्व सिग्नल तारा काढाव्यात आणि तो पुन्हा सुरू करावा. आवाज तरीही येत असेल तर दोष ॲम्प्लिफायरमध्येच आहे. १०० हर्ट्झचा, म्हणजे बरोबर वरच्या सप्तकातील, आवाज येत असेल तर जुने झालेले फिल्टर कपॅसिटर संशयास्पद ठरतात. आवाज थांबला असेल तर एकेक उपकरण पुन्हा जोडत जावे. बऱ्याचदा दोषी सापडते ती बाहेरून येणारी केबल टीव्हीची कोॲक्सिअल तार. ती इमारतीत भलत्याच ठिकाणी अर्थ झालेली असते. सेट-टॉप बॉक्समधून ती काढताच शांतता झाली तर निदान पक्के.

अशा वेळी केबलच्या तारेत आयसोलेटर बसवावा. डिश ॲन्टेनाच्या तारेत मात्र तो चालत नाही; त्याच तारेतून ॲन्टेनाच्या रिसीव्हरला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा जात असतो. तेथे दूरचित्रवाणी संच आणि ॲम्प्लिफायर ऑप्टिकल तारेने जोडावेत. प्रकाशातून सिग्नल जात असल्याने वेटोळे आपोआप तुटते. इतर उपकरणांमधील लूपसाठी सिग्नलच्या तारेत बसणारा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मिळतो.

आवाज स्पीकरमधून न येता ॲम्प्लिफायरच्या पेटीतूनच येत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या कंपनाचा असतो. पुरवठ्यात मिसळलेला थोडासा डीसी दाब हे त्याचे एक कारण. काही हेअर ड्रायर कमी उष्णतेवर चालविले की तो उत्पन्न होतो. यावर 'डीसी ब्लॉकर' हा उपाय आहे.

कोणते उपकरण कशासाठी?

स्टॅबिलायझर: वीजदाब सतत कमी-जास्त होत असेल तरच आवश्यक. रिले पद्धतीचा स्टॅबिलायझर टप्प्यांत दाब बदलतो व त्या वेळी आवाज करतो. सर्व्हो पद्धतीचा हळू पण सलग काम करतो. उपकरणाच्या मागील पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर त्या मर्यादेतील चढउतार ते स्वतःच सांभाळते.

सर्ज प्रोटेक्टर: विजांच्या गडगडाटात किंवा वीज परत येताना उसळणारे क्षणिक दाब हा शोषून घेतो. मुख्य पेटीत 'टाइप २' वर्गाचे साधन बसविणे हे टेबलावरील स्पाइक बस्टरपेक्षा परिणामकारक. मात्र त्यालाही चांगले अर्थिंग लागते, आणि त्यातील घटक आघातागणिक झिजत जातात. म्हणून त्याचा निर्देशक दिवा अधूनमधून पाहावा.

ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ: इमारतीच्या तीन फेजच्या पुरवठ्यातील न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात दाब चारशे व्होल्टच्या दिशेने चढू शकतो आणि तसाच राहतो. सर्ज प्रोटेक्टर येथे उपयोगी पडत नाही. दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे हे छोटे साधन त्या प्रसंगी सारी यंत्रणा वाचविते.

फिल्टर: उच्च वारंवारतेची खरखर कमी करतो. कारण सापडत नसेल किंवा ते शेजारच्या घरात असेल तेव्हा उपयुक्त.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर: पुरवठ्यातील गोंगाट अडविण्यास चांगला, पण जड आणि महाग. त्याच्या पुढील बाजूस झालेली गळती मुख्य पेटीतील आरसीसीबीला कळत नाही. त्यामुळे त्याची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

इन्व्हर्टर व यूपीएस: ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते त्यांनी साइन वेव्ह प्रकारच घ्यावा. २३० व्होल्टच्या साइन तरंगाचे शिखर ३२५ व्होल्ट असते आणि ॲम्प्लिफायरमधील कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भारित होतात. चौरस तरंगाचे शिखर त्याहून कमी असल्याने ॲम्प्लिफायरची ताकद घटते व ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो.

खर्चाचा क्रम

वरील सर्व उपकरणे एकाच घरात लागत नाहीत. पहिला खर्च अर्थिंगची तपासणी व दुरुस्ती यांवर करावा. दुसरा आरसीसीबी आणि दाब-संरक्षणावर. तिसरा एका स्वतंत्र लाइनवर. त्यानंतर यंत्रणा महिनाभर ऐकावी. घुमघुम असेल तर आधी लूप शोधावा. इतके करूनही खरखर उरली तरच फिल्टर किंवा कंडिशनर घ्यावा, आणि तोही घरी लावून, ऐकून, न पटल्यास परत करण्याच्या अटीवर. भिंतीतील वायरिंग सामान्य असताना शेवटच्या मीटरभर तारेवर मोठी रक्कम खर्च करण्यात अर्थ नाही.

लक्षात ठेवा

* प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये, किंवा तीन पिनांच्या उपकरणाला दोन पिनांचा प्लग लावू नये.
* सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची तार आहे याची मोजून खात्री करावी.
* आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दर महिन्याला एकदा दाबून पाहावे. पुरवठा तुटला नाही तर तो बदलावा.
* एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडू नये.
* विजांच्या वादळात मुख्य प्लगसोबत ॲन्टेना किंवा केबलची तारही काढून ठेवावी.
* वितरण पेटीतील काम परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावे.